क्लास ड्रॉप केला, पण यूसीला कळवलं का?

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांतून ट्रान्सफर होऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

डी अँझा, फूटहिल, ओहलोनी, डायब्लो व्हॅली, अर्व्हाइन व्हॅली अशा कॉलेजांत दोन वर्षं काढून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसीच्या) तिसऱ्या वर्षात जाण्याचा रस्ता आता अनेक मराठी घरांना माहीत आहे. अर्ज कधी भरायचा, निबंध किती शब्दांचे, कुठल्या मेजरला (मुख्य विषयाला) किती जीपीए लागतो, यावर घराघरांत भरपूर बोलणं होतं. नोव्हेंबरात अर्ज गेला की मात्र सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकी तिथूनच एक गफलत सुरू होते. अर्जात लिहिलेला विंटरचा किंवा स्प्रिंगचा क्लास पुढे सोडला जातो, बदलला जातो, कधी वेटलिस्टवरच राहतो, आणि युनिव्हर्सिटीला ते कुणी कळवत नाही. जुलैत शेवटची ट्रान्स्क्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) पोचते तेव्हा अर्ज आणि ट्रान्स्क्रिप्ट जुळत नाहीत. मिळालेला प्रवेश त्यावरून रद्द होऊ शकतो. हे पत्र तेवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

यूसीची पद्धत आधी समजून घ्या. अर्ज करताना बहुतेक कुणाकडूनच ट्रान्स्क्रिप्ट मागत नाहीत. कुठल्या कॉलेजात, कुठल्या टर्मला, कुठला क्लास, किती युनिट, कोणती ग्रेड, हे विद्यार्थी स्वतः भरतो. संपलेल्या क्लासपुढे ग्रेड, चालू क्लासपुढे ‘इन प्रोग्रेस’, पुढच्या टर्मच्या क्लासपुढे ‘प्लॅन्ड’. एप्रिलअखेरपर्यंत निर्णय येतात ते या भरलेल्या माहितीवर. म्हणजे ‘प्लॅन्ड’ म्हणून लिहिलेला क्लास हा तुमच्या हिशेबी बेत असला, तरी त्यांच्या हिशेबी तो प्रवेशाचा आधार आहे. प्रवेशाच्या अटींच्या पत्रात हेच लिहिलेलं असतं: अर्जात दाखवलेले सगळे क्लास ठरलेल्या ग्रेडनं पूर्ण करा, बदल झाला तर लगेच कळवा.

भारतात शिकलेल्या आईवडिलांना हे पटकन उमगत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे सेमिस्टरचे विषय विद्यापीठ ठरवतं, परीक्षेचा फॉर्म एकदा भरला की विषय मध्येच सोडण्याचा प्रश्न येत नाही. इथे मुलगा मंगळवारी रात्री फोनवरून दोन बटणं दाबून क्लास सोडू शकतो, आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

आता तारखा. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. एकदा सबमिट केल्यावर त्यातले क्लास बदलता येत नाहीत. बदलाची पहिली खिडकी जानेवारीत उघडते, तिचं नाव ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट. अर्जाच्याच खात्यात लॉगिन करून ती भरायची, मुदत ३१ जानेवारी. तिथे फॉलच्या ग्रेड टाकायच्या, विंटर-स्प्रिंगचे क्लास आज जसे आहेत तसे करायचे, आणि सबमिट करायचं. काहीच बदललं नसलं तरीही सबमिट करायचं. ‘माझं सगळं तेच आहे’ म्हणून ती तशीच सोडून देणारे दरवर्षी असतात. त्यांच्या अर्जात मग फॉलच्या ग्रेडच्या जागी ‘इन प्रोग्रेस’ तसंच राहतं, आणि वाचणाऱ्याला ती ग्रेड दिसतच नाही.

फॉलमधला क्लास अर्ज गेल्यावर सोडला असेल तर घाबरून दहा ठिकाणी ईमेल पाठवू नका. जानेवारीची खिडकी त्यासाठीच आहे, तिथे त्या क्लासपुढे डब्ल्यू (विथड्रॉल, म्हणजे क्लास मध्येच सोडल्याची खूण) नोंदवा. अपडेट सबमिट केल्यानंतर काही बदललं, तर मात्र मध्यवर्ती खात्यावर विसंबू नका. जिथे जिथे अर्ज केला त्या प्रत्येक कॅम्पसच्या अर्जदार पोर्टलवरून, त्या कॅम्पसनं सांगितलेल्या पद्धतीनं, वेगवेगळं कळवायचं. बर्कलीला कळवलं म्हणजे डेव्हिसला कळलं असं होत नाही. प्रवेश स्वीकारल्यावर, म्हणजे १ जूनपर्यंत होकार दिल्यावर, फक्त त्या एका कॅम्पसशी व्यवहार उरतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सेन्सस डेटवरून. कम्युनिटी कॉलेजात टर्मचा साधारण पाचवा भाग संपतो तिथे ही तारीख येते. तिच्या आत क्लास सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्यानंतर, टर्मचा तीन-चतुर्थांश भाग होईपर्यंत सोडला तर डब्ल्यू येतो. त्याही नंतर सोडता येत नाही, जी ग्रेड पडेल ती घ्यावी लागते. तुमच्या टर्मची नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर बघा, कारण आठ आठवड्यांच्या क्लासची सेन्सस डेट वेगळी असते. मुलं काय समजतात, की सेन्ससच्या आत सोडला, ट्रान्स्क्रिप्टवर खूणही नाही, मग कळवायचं कशाला? पण यूसीच्या अर्जात तो क्लास अजून ‘प्लॅन्ड’ म्हणून बसलेला आहे. जुलैत ट्रान्स्क्रिप्ट तपासणारा माणूस अर्जातली ओळ शोधतो आणि ती सापडत नाही. निदान डब्ल्यू असता तर काय झालं ते दिसलं असतं. म्हणून खूण उमटो वा न उमटो, अर्जात होता आणि आता नाही, तर कळवायचं.

वेटलिस्टचंही तेच. जानेवारीत तुम्ही वेटलिस्टवर तिसरे आहात आणि क्लास मिळेल अशी आशा आहे, तर ‘प्लॅन्ड’ लिहायला हरकत नाही. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जागा मिळाली नाही, की त्याच दिवशी कळवण्याचं काम तुमच्या यादीत आलं.

क्लास सोडण्याआधी तीन हिशेब करा. पहिला युनिटचा. फॉलमध्ये प्रवेश हवा तर त्याआधीच्या स्प्रिंगअखेर ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट, तीही यूसीला चालणारी, पूर्ण हवीत. मधल्या उन्हाळ्यातली युनिट या किमान आकड्यात धरत नाहीत. दुसरा हिशेब सात कोर्सचा: इंग्रजी कम्पोझिशनचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्यविद्या, समाजशास्त्रं, भौतिक-जीवशास्त्रं यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार, प्रत्येकात सी किंवा वर. तिसरा मेजरचा. असिस्ट या संकेतस्थळावर तुमचं कॉलेज, तो कॅम्पस आणि तो मेजर निवडून जो करार (कुठला क्लास कशासाठी धरला जातो याचा) उघडतो, त्यात हा क्लास आहे का ते बघा.

उदाहरण घेऊ. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचा हिशेब स्प्रिंगअखेर ९१ युनिटवर येतो. फेब्रुवारीत तो विंटरचा इंग्रजी कम्पोझिशनचा दुसरा क्लास सोडतो, ५ युनिटचा. राहिली ८६, म्हणजे ४ कमी, आणि सात कोर्सपैकी एक इंग्रजीचाही गेला. तो काय करू शकतो? एक म्हणजे स्प्रिंगमध्ये तोच क्लास पुन्हा धरायचा, जागा मिळाली तर. दुसरं म्हणजे सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात मार्चच्या मध्याला सुरू होऊन मेमध्ये संपणारा, उशिरा सुरू होणारा तसाच क्लास शोधायचा. १ सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट, तेव्हा ३ युनिटच्या क्लासचे ४.५ होतात. ८६ अधिक ४.५, एकूण ९०.५. बसलं. मात्र तो क्लास यूसी इंग्रजी कम्पोझिशन म्हणून धरते का, हे नाव सारखं दिसतंय म्हणून गृहीत न धरता असिस्टवर तपासायचं. शिवाय आता एक नवं कॉलेज आलं. ते कळवायचं, आणि १ जुलैपर्यंत त्या कॉलेजची ट्रान्स्क्रिप्टही वेगळी पाठवायची. एका ३ युनिटच्या क्लासची ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची राहून जाणं फार सोपं असतं.

तोच क्लास उन्हाळ्यात घेईन, हा विचार या जागी चालत नाही. वरचा विद्यार्थी जूनमध्ये इंग्रजी पूर्ण करेल, ए मिळवेल, तरी स्प्रिंगअखेरची अट मोडलेलीच राहते. काही कॅम्पस एखाद्या राहिलेल्या क्लाससाठी उन्हाळ्याची परवानगी देतात, पण ती आधी लेखी विचारून घ्यायची असते.

कळवायचं कसं, तर लांबलचक माफीनामा लिहू नका. पोर्टलवर बदल कळवायची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर तिथे दिलेल्या मार्गानं संदेश पाठवा. इंग्रजीत चार-सहा ओळी पुरतात. वरच्या विद्यार्थ्याचा मजकूर मराठीत असा होईल: ‘माझं नाव, अर्ज क्रमांक आणि मेजर वर दिलं आहे. विंटर टर्ममध्ये दाखवलेला इंग्रजी कम्पोझिशनचा ५ क्वार्टर युनिटचा क्लास मी १२ फेब्रुवारीला सोडला, ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येईल. कारण: आजारपणामुळे तीन आठवडे वर्गात जाता आलं नाही. त्याऐवजी अमुक कॉलेजात मार्च ते मे या काळात अमुक क्रमांकाचा, ३ सेमिस्टर युनिटचा क्लास घेत आहे, तो इंग्रजी कम्पोझिशनमध्ये धरला जातो. स्प्रिंगअखेर माझी एकूण युनिट ९०.५ क्वार्टर होतील. बाकी क्लासमध्ये बदल नाही.’ एवढंच. काय गेलं, कधी गेलं, ट्रान्स्क्रिप्टवर काय दिसेल, बदल्यात काय आलं, एकूण किती झालं. कारण एका वाक्यात आणि खरं. शेवटची एकूण युनिटची ओळ बहुतेक जण विसरतात, आणि वाचणाऱ्याला तीच आधी हवी असते. पाठवल्यावर स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवा.

उत्तर येईलच असं नाही. निर्णयाआधी पाठवलेला बदल बहुधा नुसता फाइलला लागतो. प्रवेश मिळाल्यानंतरची गोष्ट निराळी आहे. तेव्हा आधी विचारा, उत्तर येऊ द्या, मग क्लास सोडा. ड्रॉपची शेवटची तारीख परवावर आली असेल तर फोन करा, आणि बोलणं झाल्यावर तेच पोर्टलवर लिहूनही पाठवा. गप्प राहणं म्हणजे परवानगी असं मानू नका. कॉलेजातल्या काउन्सेलरनं ‘सोडलास तरी चालेल’ म्हटलं, तर तो कॉलेजपुरता सल्ला झाला. काउन्सेलर तुमच्या वतीनं यूसीला काही कळवत नाही.

आम्ही हे लपवून ठेवणार नाही, की कळवल्यानं कधीकधी नुकसान होतं. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बिझनेस यांसारख्या ओढाताणीच्या मेजरला लागणारा क्लास फेब्रुवारीत सोडला, तर तो अर्ज मागे पडू शकतो. तरीही कळवाच. निर्णयाआधी कळवल्यानं एखादा कॅम्पस हातचा जाईल, पण दुसरे उरतात, टॅगचा, म्हणजे प्रवेशाची हमी देणारा, कॅम्पस उरतो, पुढच्या वर्षीचा अर्ज उरतो. न कळवता मिळालेला प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये गेला तर बाकीच्यांना तुम्ही नकार कळवून बसलेले असता आणि घराचं भाडंही भरून झालेलं असतं.

टॅगवाल्यांनी आणखी जपायचं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस हमी देतात, ती सप्टेंबरात भरलेल्या टॅगमधल्या क्लासवर आणि त्यांच्या टर्मवर. फॉलचा गणिताचा क्लास स्प्रिंगला ढकलला तर युनिट तेवढीच राहतात, पण हमीची अट मोडू शकते. नुसता क्रम बदलला तरी कळवा.

क्लास पास-नो पासकडे (अक्षरी ग्रेडऐवजी नुसतं पास-नापास) वळवणं हाही बदलच. ६० पैकी १४ सेमिस्टर युनिटपर्यंत यूसी ते धरते, पण मेजरच्या क्लासना अक्षरी ग्रेडच हवी असते. स्प्रिंगमध्ये डी किंवा एफ पडणार हे मेमध्ये दिसायला लागलं, तर ट्रान्स्क्रिप्ट पोचायची वाट न बघता सांगा. उन्हाळ्यात दुरुस्ती करू देतील की नाही हे कॅम्पसवर आहे, पण तो प्रश्न मेमध्येच विचारता येतो.

भारतात एफ.वाय. किंवा एस.वाय. करून आलेल्यांसाठी: पुण्या-मुंबईच्या विद्यापीठातले विषयही अर्जात दाखवायचे असतात, जसे मार्कशीटवर आहेत तसे. केटी लागून नंतर सुटलेला विषय असेल तर दोन्ही प्रयत्न दाखवा. ‘शेवटी पास झालो ना’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. फॉल २०२५ पासून कम्युनिटी कॉलेजांत इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा काही क्लासना राज्यभर एकच नवा क्रमांक आला आहे. ज्या टर्मला जो क्रमांक होता तोच त्या टर्मपुढे लिहा. जुना क्लास नव्या नावानं ‘दुरुस्त’ करू नका.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर वरच्या सगळ्याआधी एक पायरी आहे. १२ युनिटच्या खाली जाण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात डीएसओची (एफ-१ विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्यायची. आधी परवानगी, मग ड्रॉप. हा क्रम उलटा झाला तर व्हिसाचा दर्जाच जाऊ शकतो, आणि मग ट्रान्सफरचा प्रश्नच उरत नाही. अभ्यासाच्या अडचणीवरून मिळणारी सूट एका पदवीच्या टप्प्यात एकदाच मिळते आणि तरीही किमान ६ युनिट ठेवावी लागतात. आजारपणाची सूट वेगळी, तिला डॉक्टरांचं पत्र लागतं. बदलीत घेतलेला क्लास ऑनलाइन असेल तर हेही बघा, की पूर्ण वेळच्या हिशेबात एका टर्मला एकच ऑनलाइन क्लास, म्हणजे ३ क्रेडिट, धरतात. एच-४ (एच-१बीवरच्या पालकांसोबतच्या व्हिसा) वरच्या मुलांना १२ युनिटची सक्ती नाही, पण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि ट्रान्सफरचं वय नेमकं तेच. मधल्या काळात एफ-१ झालं असेल तर हा नियम तुम्हालाही लागू झाला.

कॉमन अ‍ॅपवरून (अनेक युनिव्हर्सिटींना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या संकेतस्थळावरून) दुसऱ्या राज्यांत अर्ज केलेल्यांना जानेवारीसारखी एकच खिडकी मिळत नाही. तिथे प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर कळवावं लागतं, आणि ज्या युनिव्हर्सिटी मिड-टर्म रिपोर्ट मागतात त्यांच्याकडे चालू क्लासची यादी त्यात जाते. रिपोर्ट आणि अर्ज यांत फरक दिसला तर आधी तुम्हीच तो समजावून सांगितलेला असू दे.

आईवडिलांना एक कळकळीची विनंती. अर्जाचा ईमेल वडिलांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि पासवर्ड आईच्या वहीत, असं करू नका. पोर्टलवरचे निरोप मुलाच्या रोज उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर यायला हवेत. आणि क्लास सोडल्याचं मूल घरी सांगेल अशी घरातली हवा ठेवा. न कळवलेल्या बदलांमागे आळस क्वचित असतो. ‘बाबांना कळलं तर’ ही धास्ती जास्त असते. पोर्टलवर लिहिलं की घरी कळेल, म्हणून ते लिहिलंच जात नाही. फेब्रुवारीत, मार्चमध्ये जेवताना एकदा सहज विचारा, की अर्जात लिहिलेले क्लास तेच चालू आहेत ना. उत्तर ‘नाही’ आलं तर ओरडू नका, त्याच्या शेजारी बसा आणि तो निरोप लिहून होईपर्यंत उठू नका.

शेवटची तारीख १ जुलै, ट्रान्स्क्रिप्टची. क्वार्टरच्या कॉलेजांत स्प्रिंग जूनच्या शेवटाला संपतो, त्यामुळे हातात मोजके दिवस राहतात. मागणी करताना ‘ग्रेड लागल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा. तो न निवडता घाईनं मागवलेली ट्रान्स्क्रिप्ट स्प्रिंगच्या ग्रेडशिवाय जाते, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. जिथे जिथे एखादा जरी क्लास घेतला त्या प्रत्येक कॉलेजची मागवा. पाठवण्याआधी अनऑफिशियल प्रत काढून अर्जाशेजारी ठेवा आणि एकेक ओळ बोटानं जुळवा. न जुळणारी ओळ सापडली तर ट्रान्स्क्रिप्ट पोचायच्या आत पोर्टलवर लिहा.

आपले,
ट्रान्सफरच्या कामात मुलांना मदत करणारे काही मराठी स्वयंसेवक, कॅलिफोर्निया